गाइडसाठी काय बरं: ऑनलाइन कोर्स की आपल्याच ओपीडीचं ऑडिट?

फॅमिली मेडिसिनच्या डीएनबीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाला, प्रबंध लागतो. तो करून घेणारे गाइड बहुतेक वेळा मुरलेले डॉक्टर असतात, संशोधक नव्हे. रुग्णापुढे ठाम बोलणारा माणूस सॅम्पल साइझचा, म्हणजे अभ्यासाला किती रुग्ण घ्यायचे याचा, विषय निघाला की चाचरतो. मग त्यानं संशोधन शिकावं कसं?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईतल्या साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स अंबाजोगाईत बसूनही करता येतो. अभ्यासाचे प्रकार, नमुना निवड, नैतिकता, सगळं क्रमानं कळतं. आत्मविश्वास मात्र त्यानं फारसा येत नाही, असं मला वाटतं.

म्हणून मी ऑडिटच्या, म्हणजे आपलंच काम मोजून तपासण्याच्या, बाजूचा. तीन महिन्यांत आलेल्या मधुमेही रुग्णांपैकी किती जणांचे पाय तपासले? केसपेपर काढायचे, मोजायचं, चूक सुधारायची, पुन्हा मोजायचं. खरे धडे इथेच मिळतात. बीडकडे सहा महिन्यांचा फॉलोअप दसऱ्यानंतर सुरू केला, तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावरच भेटतात! हे एकदा सोसलेला गाइड विद्यार्थ्याचा आराखडा वाचतानाच तारखांवर बोट ठेवतो.

आकडेमोडीत मात्र ऑडिट तोकडं पडतं. तिथं मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाला गाठावं, तेही माहिती गोळा करायच्या आधी.