घरी येऊन रक्त नेणारी लॅब: रक्त घेणाऱ्या मुलीला पाच स्टार, फोनवाल्यांना दोन

सासूबाईंचा थायरॉईडचा डोस बदललेला, त्याला दोन महिने होत आले म्हणून डॉक्टरांनी परत टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करायला सांगितलं, त्यांना जिना उतरवत नाही त्यामुळे घरी येणारी लॅब बघितली. नाव लिहीत नाही, पुढे तक्रार पण आहे.

मुलगी सकाळी सातला दारात हजर. सुई काढायच्या आधीच विचारलं, "आजी, आजची गोळी घेतली का? केसांसाठी बायोटिन वगैरे चालू आहे का?" हा दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही हो! बायोटिन चालू असेल तर काही मशीनवर टीएसएच खोटाच कमी येतो, मग नीट चाललेला डोस उगाच कमी होतो. आणि गोळी घेऊन लगेच रक्त दिलं तर टी-फोर (थायरॉईडचं हार्मोन, गोळीत तेच असतं) चढलेला दिसतो. सासूबाईंच्या शिरा बारीक, तरी एकाच टोचण्यात काम झालं, हात काळानिळा पण झाला नाही.

रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आला, टीएसएच 5.8, लाल अक्षरात. लगेच फोन, "मॅडम, पेशंटचं थायरॉईड वाढलंय." अहो उलटं आहे ते! टीएसएच थायरॉईड बनवतच नाही, तो मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो, गळ्यातली ग्रंथी कमी पडायला लागली की पिट्युटरी तिला जास्त ढोसते, म्हणून आकडा वर जातो. असं ऐकून एखादी म्हातारी बाई गोळीच बंद करून टाकायची.

मग पॅकेज गळ्यात मारायला सुरुवात, कॉर्टिसोल, प्रोलॅक्टिन, इन्सुलिन अशा हार्मोनच्या तपासण्या सगळ्या एकदम, आणि स्लॉट कुठला तर संध्याकाळी पाचचा. कॉर्टिसोल सकाळी सगळ्यात जास्त असतो आणि दिवसभर उतरत जातो, पाच वाजता काढून सकाळच्या रेंजशी लावणार का? प्रोलॅक्टिन तर नुसत्या टेन्शननेही वाढतं. डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना हे कशाला करायचं.

वर पंधरा दिवसांनी मेसेज, "रिटेस्टची वेळ झाली". टी-फोर शरीरातून अर्धा व्हायलाच आठवडा लागतो, डोस बदलल्यावर सहा-आठ आठवडे थांबल्याशिवाय टीएसएच स्थिर होत नाही, मग पंधरा दिवसांत काय दिसणार, कप्पाळ?

तरी पुढच्या वेळी यांनाच बोलावणार, रक्त घेणारी तीच मुलगी हवी असं बुकिंग करताना सांगता येतं, तेवढं आठवणीने सांगा आणि फोन नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो अनोळखी कॉल उचलतच नाही.