ऑनलाइन डीएनपी की पीएचडी? अमेरिकेतल्या मराठी नर्स मॅनेजरसाठी

महाराष्ट्रातून नर्सिंग करून, एनक्लेक्स ही तिथली नर्सिंग परवान्याची परीक्षा देऊन अमेरिकेत आलेल्या कितीतरी जणी आज चार्ज नर्स किंवा नर्स मॅनेजर आहेत. एमएसएन, म्हणजे नर्सिंगमधलं मास्टर्स, झालेलं असतं, पुढे डायरेक्टरची जागा दिसत असते, आणि नोकरी सांभाळून घरबसल्या डॉक्टरेट करता येईल अशा जाहिराती रोज समोर येतात. डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस) करा किंवा पीएचडी करा, नावाआधी ‘डॉ.’ लागतंच. त्यामुळे जिथे फी कमी तिथे नाव घालावं, असं वाटू शकतं. तसं करू नका. हॉस्पिटल चालवायचं असेल तर डीएनपी घ्या. संशोधन हेच आयुष्यभराचं काम करायचं असेल तर पीएचडी. आणि भारतात परतून शिकवायचा विचार पक्का असेल, तर यातली कुठलीही पदवी ऑनलाइन घेण्याआधी या लेखाचा शेवटचा भाग नीट वाचा.

काम कोणतं, त्यावर पदवी

अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने, म्हणजे एएसीएनने, २००४ मध्ये डीएनपीला पाठिंबा दिला तो प्रत्यक्ष सेवेतली सर्वोच्च पदवी म्हणून. नेतृत्वाच्या शाखेत तुम्ही बजेट, मनुष्यबळ, आरोग्यधोरण, गुणवत्ता आणि आकडेवारी शिकता. शेवटी प्रबंधाऐवजी प्रकल्प असतो, आणि तो बहुधा आपल्याच हॉस्पिटलमध्ये होतो. युनिटमध्ये पेशंट पडण्याचं प्रमाण कमी करणं, कॅथेटरमुळे होणारा जंतुसंसर्ग रोखणं, नव्या नर्सेस वर्षाच्या आत सोडून जातात ते थांबवणं, असे विषय. तुमच्या रोजच्या डोकेदुखीवरच तुम्ही उपाय शोधता आणि त्याचे आकडे व्यवस्थापनासमोर ठेवता. डायरेक्टरच्या मुलाखतीत हा प्रकल्प मार्कांपेक्षा जास्त बोलतो.

पीएचडीत प्रश्न तुमच्या युनिटपुरता राहत नाही. आधी सिद्धांत, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीचे कोर्स, मग प्रस्ताव, मग प्रबंध. एमएसएननंतर अर्धवेळ डीएनपी साधारण दोन-तीन वर्षांत होते. पीएचडीला चार ते सहा वर्षं धरून चला, आणि कोर्स संपल्यावरचा एकटेपणाचा काळही हिशेबात घ्या. तेव्हा ना वर्ग असतो ना दर आठवड्याची असाइनमेंट. सगळं गाइडवर आणि तुमच्या चिकाटीवर येतं. बारा तासांची ड्यूटी आणि घरात लहान मुलं असताना नेमकं इथेच अनेकींचं काम अडतं. मात्र मोठ्या संशोधन विद्यापीठात टेन्यूर ट्रॅकची, म्हणजे पुढे कायम होणारी, प्राध्यापकी हवी असेल, तर तिथे पीएचडीचंच पारडं जड असतं. डीएनपीवाल्यांना बहुधा क्लिनिकल ट्रॅक, म्हणजे शिकवण्यावर आणि प्रत्यक्ष सेवेवर भर असलेली जागा, मिळतो.

एक गोष्ट माहिती पुस्तिकेत सहसा सापडत नाही. मॅग्नेट दर्जाच्या, म्हणजे उत्तम नर्सिंगसाठी गौरवलेल्या, हॉस्पिटलातही चीफ नर्सिंग ऑफिसरसाठी किमान अट मास्टर्सची आहे, डॉक्टरेटची नाही. वरच्या पदांसाठी डॉक्टरेटला मान वाढत चालला आहे हे खरं. पण फक्त डायरेक्टर होण्यासाठी घाई करत असाल, तर आधी आपल्याच हॉस्पिटलमध्ये त्या जागेची जाहिरात कोणत्या अटींवर निघते ते पाहा.

‘ऑनलाइन’ किती ऑनलाइन?

लेक्चर ऑनलाइन असतात, काम नाही. डीएनपीसाठी बीएसएननंतरचे (नर्सिंगच्या पहिल्या पदवीनंतरचे) मिळून १,००० प्रॅक्टिस तास हा वर्षानुवर्षांचा रूढ आकडा आहे. एमएसएनमध्ये झालेले तास त्यातून वजा होतात, पण त्याचा लेखी पुरावा लागतो, तो जुन्या कॉलेजकडून आत्ताच मागवून ठेवा. उरलेले तास प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्येच करायचे. मार्गदर्शक वरिष्ठ आणि जागा विद्यापीठ मिळवून देतं की तुम्हालाच शोधावी लागते, हा फरक फीपेक्षा मोठा ठरतो. पीएचडीला असे तास नसतात, पण वर्षातून काही दिवस कॅम्पसवर जावं लागतं असे कार्यक्रम बरेच आहेत. विमानाचं तिकीट आणि रजा त्यात धरा.

मान्यतेबाबत एक बारकावा आहे. सीसीएनई ही नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासणारी संस्था डीएनपीला मान्यता देते, पीएचडीला देत नाही. म्हणून पीएचडीच्या यादीत सीसीएनईचं नाव नसलं तर घाबरू नका. तिथे विद्यापीठाची स्वतःची संस्थात्मक मान्यता बघायची. डीएनपीच्या बाबतीत मात्र सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन-सीएनईए अशा नर्सिंगच्या मान्यता-संस्थांपैकी एकीची मान्यता हवीच.

व्हिसा आणि पैसा

एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर शिकायला परवानगी आहे, वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. भारतात राहणाऱ्या बहिणीला मात्र हे सांगा की पूर्ण ऑनलाइन पदवीवर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज ग्रीन कार्डधारकांना मिळतं, एच-१बी किंवा एच-४ वाल्यांना नाही. शिवाय १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज बंद करण्याचा कायदा २०२५ मध्ये झाला आहे. त्यामुळे हॉस्पिटलकडून मिळणारी फीची मदत जास्तच मोलाची आहे. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर कर लागत नाही. डीएनपी तीन वर्षांत विभागली तर यातून चांगला हातभार लागतो. फक्त त्या बदल्यात किती वर्षं तिथेच नोकरी करण्याचा करार आहे, ते सही करण्याआधी वाचा.

परत जायचं असेल तर

इथे माझं मत अगदी ठाम आहे. भारतातल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या विकतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) त्याच वर्षी दिला. भारतात डीएनपीसारखी पदवीच नाही, त्यामुळे तिचं स्थान कुठे हे निवड समितीला समजावत बसावं लागेल. नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यपदासाठी मुख्य गोष्ट असते एमएससी नर्सिंग आणि शिकवण्याचा दीर्घ अनुभव. पीएचडी असल्यास उत्तम, असा तो हिशेब आहे.

तेव्हा पाच-सात वर्षांत नाशिकला किंवा सांगलीला परतून शिकवायचं ठरलं असेल, तर अमेरिकेत डॉलर खर्च करू नका. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पीएचडीची प्रक्रिया पाहा, किंवा इंडियन नर्सिंग कौन्सिलने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर चालवलेल्या राष्ट्रीय कन्सोर्टियमची. यूजीसीच्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला जागा आहे, नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत पत्र मात्र लागतं. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, कोर्सवर्कसह. म्हणजे गावी परतल्यावर, कॉलेजात रुजू होऊन, नोकरी करता करता ती पूर्ण करता येते.