मंचावर दिसणारे दिवे: स्ट्रिप, पिक्सेल ट्यूब की फिलामेंट बल्ब?

नेपथ्यात किंवा कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये जे दिवे खुद्द दिसणार आहेत, ते घेताना बहुतेक जण दुकानात फुल्ल ब्राइटनेस बघून खूश होतात. माझं म्हणणं, आधी पाच टक्क्यांवर लावून बघा. सजावटीचा दिवा प्रयोगात बराच वेळ मंदच असतो, आणि त्याचा दर्जा तिथेच कळतो.

स्ट्रिप, म्हणजे एलईडींची लवचिक पट्टी, सगळ्यात स्वस्त. कमान, पायऱ्यांच्या कडा, मोठी अक्षरं यांना तिच्याशिवाय पर्याय नाही. पण पाच व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येणारी पट्टी) घेण्याआधी हिशेब करा. मीटरला ६० एलईडी, पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येकी साधारण ६० मिलिअँपिअर, म्हणजे १० मीटरला ३६ अँपिअर. पट्टीतल्या पातळ तांब्यातून एवढा करंट जाताना व्होल्टेज पडतं. निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून शेवटच्या टोकाचा पांढरा तांबूस दिसायला लागतो. दोन्ही टोकांना आणि मधेही सप्लाय जोडावा लागतो. मंचासाठी मी सरळ १२ व्होल्टची डब्ल्यूएस२८१५ घेईन. तिच्यात डेटाची, म्हणजे एलईडींना रंग सांगणाऱ्या सिग्नलची, जादा लाइन असते, त्यामुळे एखादी एलईडी मेली तरी पुढची पट्टी चालू राहते.

खरी अडचण फेडआउटला, म्हणजे दिवा हळूहळू विझवताना येते. या पट्ट्यांमध्ये प्रत्येक रंगाला ब्राइटनेसच्या २५६ पायऱ्या. वर २५५ वरून २५४ झालं तर कोणाला कळतही नाही. खाली २ वरून १ म्हणजे प्रकाश थेट निम्मा. संथ ब्लॅकआउटमध्ये दिवा शेवटी झटके देत उतरतो आणि प्रेक्षकांची नजर नटावरून पट्टीवर जाते. जाड दुधी डिफ्युझर (प्रकाश पसरवणारं आवरण) लावला की पट्टी थोड्या वरच्या पातळीवर चालवता येते. दोष झाकला जातो, पण मिटत नाही.

पिक्सेल ट्यूब, म्हणजे तुकड्यातुकड्याने (पिक्सेलने) वेगळे रंग देणारी एलईडी नळी, इथे स्पष्ट सरस. अॅस्टेरा कंपनीची टायटन ट्यूब घ्या: साधारण एक मीटर लांब, १६ पिक्सेल, आत बॅटरी, वायरलेस डीएमएक्स (दिवे नियंत्रित करणारा सिग्नल). साध्या आरजीबीत (लाल, हिरवा, निळा) चालवली तर दर पिक्सेलला तीन, असे एका ट्यूबला ४८ चॅनल, म्हणजे डीएमएक्सच्या ५१२ चॅनलच्या एका गटात, अर्थात युनिव्हर्समध्ये, दहा ट्यूब बसतात. वरच्या १० मीटर स्ट्रिपला १८०० चॅनल, म्हणजे चार युनिव्हर्स लागतात. शिवाय टायटनमध्ये लाल-हिरव्या-निळ्यासोबत मिंट आणि अंबर एलईडी आहेत, त्यामुळे जवळ उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा आजारी दिसत नाही. एकांकिका स्पर्धेत सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात, तिथे वायर नसणं फार मोलाचं. किंमत मात्र हौशी संस्थेला झेपणारी नाही. भाड्याने आणा, आणि चार्जिंगची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या.

लटकत्या बल्बांच्या माळेला एलईडी फिलामेंट (आत तारेसारख्या एलईडी असलेले बल्ब) चालतात, पण मंद केल्यावर त्यांचा रंग जुन्या टंगस्टन तारेच्या बल्बसारखा केशरी होत नाही, आणि कित्येक बल्ब खालच्या टोकाला लुकलुकतात. दृश्यात चार-पाचच बल्ब असतील तर मी अजूनही टंगस्टनच लावेन.

कायमच्या स्टुडिओ बॅकड्रॉपला १२ व्होल्टची स्ट्रिप आणि चांगला डिफ्युझर पुरेसा आहे. फक्त घेण्याआधी दुकानातच दिवा पाच टक्क्यांवर आणा आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा कॅमेऱ्यासमोर नको.