बारूददानाच्या शिंगाला कसर: डांबरगोळ्या की फ्रीझर?

औशाच्या एका स्नेह्यांच्या वाड्यातील जुन्या बारूददानावर, म्हणजे बंदुकीची दारू ठेवायच्या शिंगावर, बारीक भोके आणि खाली भुशासारखी पूड दिसू लागली, तेव्हा डांबरगोळ्या ठेवाव्यात की शिंग फ्रीझरमध्ये घालावे, असा पेच त्यांना पडला. शिंग केराटिनचे, म्हणजे केस-नखांत असते त्याच प्रथिनाचे, असल्यामुळे केस आणि लोकर खाणाऱ्या केसाळ अळ्या तेही पोखरतात.

डांबरगोळ्या स्वस्त असतात, पण हवाबंद डब्यात वाफ साठली तरच त्यांचा काही उपयोग होतो. शिवाय ती वाफ माणसालाही अपायकारक असते.

फ्रीझरला मेहनत अधिक लागते. शिंगात बंदुकीच्या दारूचा कणही उरलेला नाही, याची आधी जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. मग ते मऊ कागदात गुंडाळून, पिशवीतील हवा काढून घट्ट बंद करावे आणि उणे 20 अंशांत किमान आठवडाभर, तर घरगुती फ्रीझरच्या उणे 18 अंशांत दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नये, नाहीतर थंड शिंगावर, विशेषतः पावसाळ्यात, पाणी सुटते. हा उपाय आतली कीड मारतो, पुढची मात्र रोखत नाही.

जिवंत कीड असलेल्या भक्कम शिंगासाठी मी निःसंशय फ्रीझरच सुचवेन. तडे गेलेले किंवा रंगवलेले शिंग मात्र गोठवू नये. ते डांबरगोळ्यांसह बंद डब्यात, पण गोळ्या शिंगाला न टेकवता, राहत्या खोलीबाहेर ठेवणे बरे.