शोग्रेनमधले कोरडे डोळे: बाटलीतले थेंब की एकदाच वापरायची कुपी?

शोग्रेन म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार. बाटली आणि कुपी, दोन्हींत औषध बहुधा तेच, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा हायलुरोनेट; फरक प्रिझर्व्हेटिव्हचा, म्हणजे जंतू रोखणाऱ्या रसायनाचा. साध्या बाटलीत बऱ्याचदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं, कुपीत नसतं. दिवसातून 2-3 वेळा थेंब घालणाऱ्याला हे रसायन सहसा खपून जातं. शोग्रेनमध्ये मात्र थेंब सारखेच लागतात आणि रसायन धुऊन काढायला अश्रूच नसतात, मग तेच बुबुळाच्या पृष्ठभागाला इजा करतं. दिवसाला 4 पेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर कुपीच घ्या.

कुपी महाग पडते. शिवाय सांधे आखडलेल्या बोटांनी तिचं टोक पिरगळून तोडणं जिकिरीचंच. उघडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. जंतू रोखणारं त्यात काहीच नसतं. आणि थेंब एकच, खालची पापणी ओढून. दुसरा गालावर ओघळतो.