ग्रामपंचायत राहावी की नगरपंचायत व्हावी? हरकत लिहिण्यापूर्वी करायची तुलना

गावाची नगरपंचायत करण्याची प्राथमिक उद्घोषणा तहसील कार्यालयाच्या फलकावर लागली की चहाच्या टपरीवर दोनच मुद्द्यांची चर्चा होते : घरपट्टी किती वाढेल आणि रस्ते होतील का. राज्य सरकारने 2014 मध्ये तालुका मुख्यालयाच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण घेतल्यापासून विदर्भातील मारेगाव, राळेगाव, कुरखेडा, कोरची अशा अनेक गावांनी ही चर्चा केली आहे. आपले म्हणणे यापुढे कोठे ऐकले जाईल आणि गावातले भांडण कोठे मिटेल, हा प्रश्न मात्र हरकतींची मुदत संपल्यावरच कोणाला तरी आठवतो. ती मुदत साधारणपणे 30 दिवसांची असते, म्हणून ज्याला हरकत किंवा संमती लिहायची आहे त्याच्यासाठी ही तुलना केली आहे.

ग्रामपंचायतीत मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, आणि हे सदस्यत्व त्याला कोणी निवडून दिल्यामुळे मिळालेले नसते. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात, नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, आणि गणपूर्तीसाठी 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. प्रत्यक्षात काय घडते हेही सांगितले पाहिजे : सकाळी झेंडावंदन होते, मुले गोळ्या घेऊन पांगतात, सभेला पंचवीस माणसे उरतात, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने आठवड्याने बाराजणांत गावाचा ठराव होतो. काही ठिकाणी तर नोंदवही सह्यांसाठी घरोघरी फिरते. ग्रामसभेचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा ही वही चाळून पाहावी.

तरीही सभा भरली, तर तिच्याइतके चांगले व्यासपीठ दुसरे नाही. आमच्या भागातील एका गावात आठवडी बाजार आखरावर, म्हणजे गावची गुरे एकत्र बसवण्याच्या जागेवर, हलवण्याचा विषय निघाला तेव्हा व्यापाऱ्यांची तयारी पूर्ण होती आणि सरपंचांची मानही हलली होती. मागे उकिडव्या बसलेल्या गायक्याने (गुराख्याने) उठून एवढेच विचारले, “मंग ढोरं कुठं बसवू जी?” सभा हसली, पण तलाठ्याला निस्तार पत्रक, म्हणजे गावातील सार्वजनिक वापराच्या जागांची नोंद, आणावे लागले. ती जागा त्यात गुरांसाठी नोंदलेली निघाली. दोन तास आवाज चढले, एकदा खुर्चीही सरकली, आणि शेवटी असे ठरले की बाजार जुन्याच जागी राहील, फक्त मोठ्या गाड्या आखराच्या कडेला लागतील आणि ढोरे परतण्याआधी निघतील. ज्याला लेखी अर्ज करता आला नसता त्याच्या एका प्रश्नावर हा निर्णय फिरला.

नगरपंचायतीत 17 प्रभाग आणि 17 निवडून आलेले नगरसेवक असतात. ठराव त्यांच्या सभेत होतो आणि तेथे नागरिकाला मत नसते. राज्यघटनेने वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या त्या 3 लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी, म्हणजे दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या नगरपंचायतीला ती तरतूद लागूच होत नाही. राज्याने 2009 मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे शहराच्या छोट्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद केली, परंतु छोट्या गावांत ती भरल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. येथे सहभाग म्हणजे मुख्यत्वे कागद. विकास योजनेचे प्रारूप 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार प्रसिद्ध झाले की 30 दिवसांत हरकत नोंदवायची आणि नियोजन समितीपुढे सुनावणीला जायचे. नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागतो, आपला सर्व्हे नंबर कोणत्या रंगाखाली गेला ते बोट ठेवून शोधावे लागते, आणि मुदत टळली तर वावरातून जाणारा प्रस्तावित रस्ता मान्य केल्यासारखेच होते.

या कागदी पद्धतीची एक बाजू मात्र ग्रामसभेपेक्षा भक्कम आहे, आणि ती कमी लेखू नये. ज्याचे घर गावाच्या एका टोकाला आहे आणि ज्याची मजुरी पाटलाच्याच शेतावर आहे, तो माणूस पाटलासमोर हात वर करीत नाही. लेखी हरकतीला क्रमांक मिळतो, सुनावणीची संधी मिळते आणि पुढे दाद मागताना तो कागद हाती राहतो. ग्रामसभेत बोललेले सचिवाने लिहिलेच नाही, तर ते बोलले गेलेच नाही असे धरले जाते.

भांडण मिटवण्याची साधने दोन्हीकडे वेगळी आहेत. 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समिती ग्रामसभा निवडते. धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद, पांदणीवरचे (शेतात जाणाऱ्या वाटेवरचे) अतिक्रमण, भावाभावांची वाटणी ती ओट्यावर बसून मिटवू शकते, परंतु तिला न्यायालयाचे अधिकार नाहीत आणि समितीचा अध्यक्षच एका गटाचा असेल तर ती निरुपयोगी ठरते. नगरपंचायतीच्या ठरावाविरुद्ध मात्र थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 नुसार त्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते. लोकअदालतीचा मार्ग गाव आणि शहर दोघांनाही खुला आहे. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते आणि दाव्याचे न्यायालयीन शुल्कही परत मिळते. दारूच्या दुकानाविरुद्धचे आडव्या बाटलीचे गुप्त मतदान दोन्हीकडे होऊ शकते, त्यामुळे तो मुद्दा या निवडीत आणू नये.

अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रातील वाचकाने मात्र वेगळा विचार करावा. 1996 चा पेसा, म्हणजे पंचायतराज अनुसूचित क्षेत्रात विस्तारणारा, कायदा पंचायतींसाठी आहे, आणि नगरपालिकांसाठी तसा विस्तार करणारा कायदा संसदेने केलेला नाही. गौण वनोपज, गावातली दारू, जमिनीचे हस्तांतरण यांवर ग्रामसभेचा जो अधिकार चालतो, तो दर्जा बदलल्यावर कोणाकडे जाईल हे उद्घोषणेत लिहिलेले नसते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. त्याच तालुक्याचे मुख्यालय धानोरा मात्र आज नगरपंचायत आहे.

पैशाच्या बाबतीत नगरपंचायत वरचढ आहे, कारण पाणीपुरवठा, नाल्या आणि घनकचरा यांसाठी नागरी योजनांचा निधी आणि पूर्णवेळ मुख्याधिकारी मिळतो. मात्र केंद्राचा रोजगार हमीचा कायदा ग्रामीण क्षेत्रापुरता आहे, हे जॉबकार्ड असलेल्या घराने विसरू नये.

माझे मत असे की ज्या गावात लेआऊट पडत आहेत, नाल्या तुंबत आहेत आणि ग्रामसभा वर्षानुवर्षे वहीतच भरते आहे, तेथे नगरपंचायतीला विरोध करण्यात अर्थ नाही. ज्या गावाचे जगणे जंगल, आखर, गाळपेर (तलावाचे पाणी ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी) आणि मजुरीवर आहे व सभा थोडीफार तरी भरते, तेथे हरकत घ्यावी. ती घेताना “आमचा विरोध आहे” एवढेच लिहू नये : शेतीवर व मजुरीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांची संख्या, निस्तार पत्रकातील सार्वजनिक जागांचे सर्व्हे नंबर आणि मिळालेल्या वनहक्काची प्रत जोडावी, शक्य असल्यास ग्रामसभेचा ठराव लावावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नये.