जुन्या स्टिरिओ रिसीव्हरला सबवूफर जोडला, त्याला आठ महिने झाले

बाबांनी १९८४ साली मस्कतहून आणलेला सान्सुईचा स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच डब्यात) आमच्याकडे अजून रोज लागतो. आवाज गोड आहे, पण जोडीचे स्पीकर लहान, साडेसहा इंची वूफरचे. तबल्याची चाट कानात स्पष्ट यायची, डग्गा मात्र अर्धामुर्धाच. मनगट दाबत घेतलेली मींड खाली उतरता उतरता मध्येच विरून जायची. तेवढ्यासाठी दहा इंची सबवूफर घेतला, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, आत स्वतःचा अँप्लिफायर असलेला.

या रिसीव्हरला सबवूफरचं वेगळं आउटपुट नाही. दुकानात सांगितलं, ‘हे जमणार नाही, नवीन एव्ही रिसीव्हर घ्या.’ मी ऐकलं नाही. घरी येऊन आधी टेप आउटला, म्हणजे टेप रेकॉर्डरकडे आवाज पाठवणाऱ्या आउटपुटला, आरसीए वायर लावली, आणि तिथेच चुकलो. त्या आउटपुटवर व्हॉल्यूमच्या बटणाचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे गाणं हळू केलं तरी खर्ज तेवढाच धडधडत राहिला.

खरा मार्ग सबवूफरच्याच पाठीमागे होता: हाय लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायर थेट घेणारं इनपुट. रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलवरून डावी-उजवी अशा दोन जोड्या वायर थेट तिथे आणल्या, लाल लालला आणि काळी काळीला. स्पीकर आपल्या जागी जोडलेलेच राहतात. यामुळे रिसीव्हरवर लोड येईल ही माझी मोठी भीती होती. पण या इनपुटचा इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काही हजार ओहम असतो, त्याच्या शेजारी आठ ओहमचा स्पीकर. त्यामुळे रिसीव्हरला फरक जाणवतही नाही. रिसीव्हरला स्पीकरच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्यांची टर्मिनल असतात, मी ‘ए’वरूनच वायर घेतल्या. ‘बी’ची जोडी मोकळी असेल तर तीही चालते, मात्र काही जुन्या रिसीव्हरमध्ये ए आणि बी एकत्र दाबले की सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले जातात. तसं झालं तर मुख्य स्पीकर जवळजवळ मुके होतील, म्हणून आधी मॅन्युअल बघा. आणि वायर लावताना सगळं बंद ठेवा. तारेचा एक सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. मी तारा पिळून टोकाला कथील लावून घेतलं.

मग सुरू झाली घरघर. सबवूफरला तीन पिनांचा प्लग, रिसीव्हरला दोन, आणि टीव्हीची वायर रिसीव्हरच्या ऑक्स इनपुटमध्ये. सेट टॉप बॉक्समधून केबलची तार काढली की घरघर थांबायची, म्हणजे अर्थचा लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येणारी घरघर) तिकडूनच येत होता. ओळखीच्या वायरमनने सबवूफरची अर्थची पिन काढून टाकायला सांगितलं. ते कृपा करून कोणी करू नका, घरात लहान मुलं वावरतात. मी टीव्हीची वायर काढली, प्रश्न मिटला.

सर्वांत जास्त वेळ जागेने खाल्ला. आमची खोली बारा फुटी. एवढ्या अंतरात साधारण ४७ हर्ट्झची अर्धी लाट बरोबर बसते, म्हणून कोपऱ्यात ठेवला की तोच एक सूर घुमायचा आणि शोकेसच्या काचा थरथरायच्या. शेवटी सबवूफर माझ्या बसायच्या खुर्चीवर ठेवला, पखवाजाचं रेकॉर्डिंग लावलं आणि भिंतीकडेने रांगत ऐकत गेलो; जिथे खर्ज नीट ऐकू येईल, तीच सबवूफरची जागा. कपाटापासून दोन हात अलीकडे थाप आखीव आली. तिथेच तो आजही आहे, खाली जाड रबरी मॅट घालून. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, त्रास नाही म्हणाल्या. तरी रात्री दहानंतर मी तो बंदच ठेवतो.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफर वाजवतो ती मर्यादा, आधी १०० हर्ट्झवर होता. पुरुषी आवाज मडक्यात बोलल्यासारखा यायचा. हळूहळू ६० च्या आसपास आणला. फेजचा खटका (सबवूफर बाकीच्या स्पीकरच्या जोडीने हलेल की उलट, ते ठरवणारा) शून्यावर होता, १८० वर करताच डग्गा एकदम भरून आला. हे मात्र खोलीप्रमाणे बदलतं, खुर्चीत बसून दुसऱ्या कोणाला खटका फिरवायला सांगा. रिसीव्हरचं खर्ज वाढवणारं लाउडनेस बटण बंद ठेवा आणि बेस मध्यावर, कारण या जोडणीत तिथे वाढवलेलं सगळं सबवूफरपर्यंत पोचतं. एलपी लावताना अगदी खालचा आवाज गाळणारा लो फिल्टर दाबा, नाहीतर टर्नटेबलची गुरगुर सबवूफरचा शंकू आतबाहेर हलवत राहते.

तक्रार एकच, ऑटो स्टँडबायची, म्हणजे आवाज नसला की सबवूफर आपोआप बंद होण्याची. पहाटे हळू आवाजात तानपुरा लावला की सिग्नल पुरत नाही, सबवूफर झोपतो आणि जागा होताना धप्प करतो. आता तो खटका कायम ‘ऑन’ ठेवून बोर्डावरचं बटण वापरतो. आधी रिसीव्हर सुरू, मग सबवूफर. बंद करताना उलट.

पावसाळ्यात व्हॉल्यूमचं बटण खरखरलं, ते दरवर्षीचं दुखणं, काँटॅक्ट क्लीनरने गेलं. सबवूफरला काही झालं नाही.

परवा झाकीर हुसेन यांचं एकल वादन लावलं होतं. बाबा आतल्या खोलीतून उठून आले आणि रिसीव्हरकडे बघत म्हणाले, ‘डग्ग्यावरचा तळवा ऐकू येतोय रे.’ मग पूर्ण पेशकार, म्हणजे एकल वादनातली सुरुवातीची रचना, संपेपर्यंत उभेच होते.